गाय वासराला घेत नाही तेव्हा

आईच्या मायेला मराठीत 'वात्सल्य' म्हणतात. या शब्दाचे मूळ 'वत्स' या संस्कृत शब्दात आहे आणि वत्स म्हणजे वासरू. 'पान्हा फुटणे' हा वाक्प्रचारही गोठ्यातूनच घरात आलेला. आश्विन वद्य द्वादशीला, म्हणजे वसुबारसेला, सवत्स धेनूची पूजा होते आणि त्या दिवशी अनेक घरांत गाईचे दूध व दुधाचे पदार्थ वर्ज्य मानले जातात. या साऱ्या संस्कारांमुळे गाय आणि वासरू यांचे नाते शहरी वाचकाने गृहीतच धरलेले असते. ते आपोआप जुळते, त्यात माणसाने काही करावयाचे नसते, असा समज असतो. पुष्कळदा तो खराही ठरतो. तथापि एखादी पहिलारू गाय व्यायल्यावर स्वतःच्या वासराकडे पाठ फिरवते, ते कासेजवळ आले की लाथ झाडते, प्रसंगी शिंगही उगारते. 'गाय वासराला घेत नाही', असे मग घरातील जाणती माणसे म्हणतात आणि घरात एक निराळीच धावपळ सुरू होते. कारण अशा वेळी हाती असलेला अवधी दिवसांत नव्हे, तासांत मोजावा लागतो.

रायगड जिल्ह्याच्या श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगर हे गाव पर्यटकांना माहीत आहे ते त्याच्या लांबलचक किनाऱ्यामुळे आणि सुवर्णगणेशामुळे. १९९७ साली येथील एका सुपारीच्या वाडीत जमीन खणताना सोन्याचा मुखवटा सापडला, २०१२ मध्ये तो चोरीस गेला आणि २०२१ मध्ये त्याची पुनःस्थापना झाली, हा इतिहास वृत्तपत्रे वाचणाऱ्यांना ठाऊक आहेच. मुखवटा सापडला ती जागा सुपारीची वाडी होती, हा तपशील मात्र गावाची खरी ओळख सांगणारा आहे. नारळ-सुपारीच्या वाड्या हेच या गावाचे मूळ धन आणि वाडीला लागणारे शेणखत हे गोठ्याचे मूळ प्रयोजन. दूध हे त्यानंतरचे.

येथील गोठ्यांत परंपरेने असणारी गाय कोकणातलीच. ठेंगणी, बांधेसूद, काटक अशी ही गाय दिवसाला जेमतेम दोन-अडीच लिटर दूध देते. घाटावरच्या माणसाला ते हास्यास्पद वाटते. पण सुमारे तीन हजार मिलिमीटर पावसात, निकृष्ट चाऱ्यावर आणि चढउताराच्या रानात तग धरून राहणे हा तिचा खरा गुण आहे. 'कोकण कपिला' या नावाने तिची स्वतंत्र जात म्हणून नोंद कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने २०१८ साली केली. नोंद होण्यापूर्वी सरकारदरबारी ती केवळ 'गावठी' होती.

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ याच किनारपट्टीवर धडकले. पिढ्यान्‌पिढ्या जोपासलेल्या सुपारीच्या बागा काही तासांत आडव्या झाल्या, घरांची आणि गोठ्यांची छपरे उडाली. सुपारीचे नवे रोप फळाला येण्यास पाच ते आठ वर्षे लागतात. तोवर त्याला पाणी, सावली आणि शेणखत पुरवीत राहावे लागते. अशा काळात गोठ्यातली एक कालवड जगणे किंवा न जगणे ही केवळ भावनेची बाब राहत नाही. एक-दोन गाईंच्या गोठ्यात एक वासरू दगावले, तर पुढील तीन-चार वर्षांचे गणित बिघडते. शिवाय गावठी गाईच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. वासरू समोर नसेल, तर ती बहुधा पान्हाच सोडत नाही. युरोपीय वंशाच्या गाईंची निवड शतकानुशतके अशा रीतीने होत गेली, की त्या यंत्राला किंवा परक्या हातालाही दूध देतात. आपल्या देशी गाईंची तशी निवड कधी झाली नाही. त्यामुळे वासरू गेले, की त्या वेताचे दूधही बव्हंशी गेले असेच समजावे.

पहिला तास

प्रसूतीच्या वेळी गाईच्या शरीरात नेमके काय घडते, हे समजून घेतल्यास पुढील उपाय आपोआप उलगडतात. वासरू जन्ममार्गातून बाहेर येत असताना गर्भाशयाचे तोंड ताणले जाते. हा ताण मज्जातंतूंद्वारे मेंदूपर्यंत पोचतो आणि मेंदूतून ऑक्सिटोसिन हे संप्रेरक स्रवू लागते. गर्भाशयाच्या कळा वाढविणे आणि कासेतील दूध सडांत उतरविणे ही या संप्रेरकाची दोन कामे पूर्वीपासून माहीत होती. तिसरे काम उशिरा लक्षात आले. १९८३ साली केंब्रिजचे बॅरी कीव्हर्न आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंढ्यांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. न व्यालेल्या, परंतु योग्य संप्रेरके दिलेल्या मेंढ्यांच्या जन्ममार्गाला कृत्रिम ताण दिल्यावर त्या परक्या कोकरालाही चाटू लागल्या, जवळ घेऊ लागल्या. म्हणजे प्रसूतीचा ताण हाच माया जागी होण्याचा संकेत असतो.

हा संकेत मिळताच गाईच्या आवडीनिवडीत एक विलक्षण पालट होतो. एरवी तिला गर्भजलाचा वास नकोसा असतो. व्याल्यानंतर मात्र त्याच वासाकडे ती खेचली जाते. ओले वासरू ती चाटू लागते. चाटता चाटता त्या विशिष्ट वासराचा गंध तिच्या स्मरणात पक्का बसतो आणि त्यानंतर दुसरे कोणतेही वासरू तिला चालत नाही. चाटण्याने वासराचे अंग कोरडे होते, रक्ताभिसरण वाढते, श्वास मोकळा होतो आणि ते धडपडत उभे राहते. उभे राहिलेले वासरू कास शोधते, ढुशी देते, सड तोंडात घेते आणि त्या चोखण्याने पुन्हा ऑक्सिटोसिन स्रवते. अशी ही साखळी आहे. तिची एक कडी निसटली की पुढची सैल पडते.

या साखळीला लागणारा अवधी किती अल्प असतो, याविषयी १९७७ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास लक्षात ठेवण्याजोगा आहे. व्याल्याबरोबर गाय आणि वासरू यांना केवळ पाच मिनिटे एकत्र ठेवले, तरी पक्के नाते जडण्यास तेवढे पुरेसे ठरले. उलट जन्मतःच वासरू दूर नेऊन पाच तासांनी परत आणले, तेव्हा निम्म्या गाईंनी ते स्वीकारले नाही. माणसाचा हस्तक्षेप नेमका याच पाच तासांत होत असतो. मदत करण्याच्या हेतूने वासरू उचलून ओटीवर नेणे, त्याला गरम पाण्याने धुणे, फडक्याने खसाखसा पुसणे, शेजारच्या मुलांनी त्याला कुरवाळणे या सर्व गोष्टी मायेपोटीच केल्या जातात. परंतु त्यामुळे जो गंध गाईला ओळखावयाचा असतो, तोच नाहीसा होतो आणि त्याच्या जागी साबणाचा व माणसांचा वास येतो.

चीक आणि खरवस

गाईने वासरू घेतले नाही, तर बाटलीने दूध पाजून ते वाढविता येईल, मग एवढी घाई कशासाठी, असा प्रश्न येथे कोणी विचारील. त्याचे उत्तर चिकात आहे.

मानवी गर्भाला आईच्या रक्तातून वारेमार्फत प्रतिपिंडे मिळतात. जन्मणारे मूल रोगप्रतिकाराची थोडीफार शिदोरी घेऊनच येते. गाईच्या वारेची रचना निराळी असल्यामुळे ही प्रतिपिंडे गर्भापर्यंत पोचत नाहीत. वासरू जन्मते ते अगदी रिकाम्या हाताने. ही सारी शिदोरी चिकात साठवलेली असते. वासराच्या आतड्याला जन्मानंतर काही तासच ही मोठ्या आकाराची प्रथिने जशीच्या तशी रक्तात शोषून घेता येतात. दर तासागणिक ही क्षमता घटत जाते आणि साधारण चोवीस तासांत संपते. म्हणून पहिला चीक जन्मानंतर दोन तासांच्या आत आणि काहीही झाले तरी सहा तासांच्या आत पोटात जावा, असे पशुवैद्यक सांगतात. प्रमाण वजनाच्या दशांश. वासरू पंधरा किलोचे असेल, तर पहिल्या दिवसात दीड लिटर. उशिराने दिलेला चीक पोट भरतो, पण संरक्षण देत नाही. पावसाळ्यातील ओल्या गोठ्यात हगवण किंवा नाभी पिकणे यांसारख्या विकारांनी वासरे दगावतात, त्यांतील कित्येकांना वेळेवर चीक मिळालेला नसतो.

येथे आपल्या आवडीच्या एका पदार्थाचा विषय टाळता येणार नाही. खरवस थरथरतो, त्याच्या वड्या पडतात, त्याचे कारण चिकातील प्रथिने उष्णतेने गोठतात. पहिल्या दिवसाचा चीक इतका दाट असतो, की त्यात साधे दूध मिसळूनच खरवस लावावा लागतो. हा दाटपणा ज्या प्रथिनांमुळे येतो, त्यांत वासराला हवी असलेली प्रतिपिंडेच मोठ्या प्रमाणात असतात. दुसऱ्या-तिसऱ्या वेळच्या धारेत त्यांचे प्रमाण झपाट्याने उतरते. एका वेळेला सात-आठ लिटर चीक देणाऱ्या संकरित गाईच्या घरी वासराची गरज भागूनही पातेले भरते, तेथे खरवसाला कोणाची हरकत असण्याचे कारण नाही. परंतु गावठी गाईचा पहिल्या धारेचा चीक शेजारीपाजारी वाटण्याइतका नसतोच. खरवस करावयाचाच असेल, तर वासराचे दोन-तीन वेळा पोटभर पिऊन झाल्यावर दुसऱ्या दिवशी करावा. त्यात दूध कमी मिसळावे लागेल, इतकाच फरक.

गाय नाकारते का?

नाकारणाऱ्या गाईला 'खट्याळ' किंवा 'निर्दय' ठरविण्याची घाई होते. ती बहुधा दोहोंपैकी काहीच नसते. पहिलारू गाईने आजवर असे काही पाहिलेलेच नसते. पोटातून काहीतरी बाहेर पडले, ते हालते आहे, अंगाशी येते आहे, यानेच ती बिचकते. तिची कास ताठरलेली असते, सडांना कधी कोणाचा स्पर्श झालेला नसतो आणि वासराच्या पहिल्या ढुशीने कळ येते. लाथ ही त्या कळेची प्रतिक्रिया असते.

दुसरे मोठे कारण अवघड प्रसूती. तासन्‌तास कळा देऊन थकलेली, आडवी पडलेली गाय वासराकडे वळूनही पाहत नाही. शस्त्रक्रियेने वासरू काढले असेल, तर जन्ममार्गाचा ताण घडलेलाच नसतो आणि मेंदूला जावयाचा संकेत गेलेलाच नसतो. मेंढ्यांमध्ये कमरेखालचा भाग बधिर करून प्रसूती केली असता, विशेषतः पहिलटकरणींची माया उणावल्याचे प्रयोगांत दिसले आहे. तिसरे कारण कासेचा दाह. कास गरम, लाल, दगडासारखी कठीण लागत असेल आणि दुधात गुठळ्या येत असतील, तर गाईला समजावण्यात वेळ न दवडता पशुवैद्यकाला बोलवावे. भोवतालची गर्दी हेही कारण असतेच. गाय व्यायला लागली की कुत्री येतात, शेजारी येतात आणि हल्ली मोबाइलवर चित्रण करणारे पाहुणेही येतात. मोकळ्या रानात गाय व्यायच्या वेळी कळपापासून दूर, आडोशाला जाते. गोठ्यात तिला ती सोय नसते, ती करून द्यावी लागते.

काय करावे

दिवस भरत आलेल्या गाईची कास भरून येते, शेपटीच्या दोन्ही बाजूंचे स्नायू सैल पडून तेथे खळगे दिसू लागतात, ती अस्वस्थ होऊन ऊठबस करते. ही लक्षणे दिसताच तिला इतर गुरांपासून वेगळे, परंतु ती गुरे तिला दिसतील असे ठेवावे. कोकणात हे सांगणे सोपे असते, करणे अवघड. आषाढ-श्रावणात कोरडी जागा ही सर्वांत दुर्मिळ वस्तू असते. जांभ्या दगडाची फरशी शेवाळून निसरडी होते. त्यावर नुसते पाणी मारून चालत नाही. आधी घासून, मग भाताच्या सुक्या पेंढ्याचा किंवा उन्हाळ्यात जमवून ठेवलेल्या पातेऱ्याचा चांगला वीतभर थर द्यावा. नवजात वासरू घसरून पडले, पुन्हा उठले, पुन्हा पडले की थकते आणि चोखण्यापूर्वीच बसून राहते. गाईचा दोर इतका सैल असावा, की तिला मागे वळून वासरापर्यंत तोंड नेता येईल. दोर आखूड बांधल्यामुळे गाय चाटू शकत नाही आणि दोष मात्र तिच्या मायेवर येतो, असे प्रकार होतात.

वासरू बाहेर आल्यावर माणसाने करावयाची कामे दोनच. नाकातोंडातील चिकटा बोटाने काढून श्वास मोकळा झाल्याची खात्री करणे, आणि नाळ तुटल्यावर नाभीला टिंचर आयोडीन लावणे. एवढे झाले की वासरू उचलून गाईच्या तोंडाशी ठेवावे आणि दूर जाऊन बसावे. दूर बसणे हेच बहुतेकांना जमत नाही. गाय हुंगते, मागे सरते, पुन्हा हुंगते. या मागेपुढे करण्यात पंधरा-वीस मिनिटे जाऊ द्यावीत.

त्यानंतरही ती चाटत नसेल, तर पेंढ्यावर सांडलेले गर्भजल हाताने उचलून वासराच्या पाठीला आणि गाईच्या नाकपुडीपाशी व जिभेला लावावे. वासराच्या पाठीवर चिमूटभर मीठ, गव्हाचा कोंडा किंवा थोडा गूळ भुरभुरण्याची जुनी रीत आहे. ती खुळी समजूत नव्हे. गाय मिठासाठी जीभ लावते आणि मिठासोबत गंध घेते. मात्र मूठमूठ मीठ चोळू नये, ओल्या कातडीला ते झोंबते. गाय अगदीच उदासीन असली आणि पाऊस-वारा असला, तर सुक्या पेंढ्याच्या चोळ्याने वासरू चोळावे. पाणी मात्र लावू नये.

पुढचा टप्पा कासेचा. वासरू एका तासाच्या आत उभे राहावे, दोन तासांच्या आत चोखू लागावे, अशी अपेक्षा असते. सडांच्या टोकाला मेणासारखा खडा बसलेला असतो, तो काढण्यासाठी प्रत्येक सडातून दोन-तीन धारा काढून टाकाव्यात. कास फार ताठ असेल, तर कोमट पाण्यात भिजवलेल्या फडक्याने शेकून थोडा चीक भांड्यात काढावा, म्हणजे कळ कमी होते आणि वासराला सड तोंडात धरता येतो. काढलेला चीक फेकू नये, तो लागणार असतो. गाय लाथा झाडीत असेल, तर एकाने तिच्या डोक्याशी उभे राहून तिला आवडीचे काही खाऊ घालावे, खाजवावे, नेहमीच्या सुरात तिच्याशी बोलावे. दुसऱ्याने वासराला कासेशी धरावे. ज्या माणसाची तिला सवय आहे, त्यानेच तिच्या डोक्याशी असावे. बहुतेक घरांत हे माणूस म्हणजे घरातील बाई असते, आणि नेमक्या अशा वेळी तिला बाजूला सारून पुरुषमंडळी दोर घेऊन पुढे होतात, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

मागच्या पायांना दोरी लावणे हा शेवटचा उपाय आहे आणि तो फार आवळून करू नये. काठी तर हातातही घेऊ नये. भ्यालेल्या जनावराच्या रक्तात अॅड्रिनलिन उतरते आणि ते ऑक्सिटोसिनच्या कामात आडवे येते. पान्हा आटतो. मारून वासरू पाजता येत नाही ते या शारीरिक कारणामुळे.

चार तासांपर्यंत वासराने काहीच घेतले नसेल, तर नाते जुळण्याची वाट पाहत बसू नये. चीक काढून बाटलीने किंवा बोट चोखायला देऊन पाजावा. बांबूच्या नळीने घशात ओतण्याची पद्धत सोडून द्यावी, कारण त्यात चीक फुप्फुसात जाऊन वासरू दगावू शकते. पाजतानाही वासरू गाईच्या नाकासमोरच असावे. दूर नेऊन पाजले, तर पोट भरते, पण ओळख राहून जाते. यापुढे दिवसातून तीन-चार वेळा वासराला कासेशी लावावे. मधल्या वेळेत, विशेषतः रात्री, गाय मारकी वाटत असेल तर दोघांमध्ये बांबूची आडकाठी टाकावी. आडकाठीतून तिला वासरू दिसावे, हुंगता यावे, पण शिंग लागू नये. बहुसंख्य पहिलारू गाई तीन-चार दिवसांत मवाळ होतात. वासराने तिचेच दूध प्यायल्यावर त्याच्या अंगाला व शेणाला जो वास येऊ लागतो, त्याचाही ओळख पटण्यास हातभार लागतो.

वार पडण्यासही साधारण बारा तास लागू शकतात. ती ओढू नये, तिला दगड-वीट बांधू नये. बारा तास उलटूनही पडली नाही, गाय खात-पीत नसली किंवा वासरू उभेच राहत नसले, तर पशुवैद्यकीय दवाखान्याशी अथवा फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी असलेल्या १९६२ या क्रमांकाशी संपर्क साधावा.

पेंढ्याचे वासरू, फुका आणि इंजेक्शन

वासरू मेले आणि गाय उरली, तर काय, या प्रश्नाला जुन्या गोपालकांनी दिलेली उत्तरे या नात्याविषयीचे त्यांचे ज्ञान किती सूक्ष्म होते हे दाखवितात. एक उत्तर असे, की मेलेल्या वासराच्या कातड्यात पेंढा भरून ते गाईपुढे ठेवावयाचे. गाय ते चाटते आणि पान्हा सोडते. गंधाची ओळख किती खोल असते याचा यापेक्षा वेगळा पुरावा नको. हीच युक्ती उलट बाजूने वापरून पोरके वासरू दुसऱ्या गाईला लावले जाते. मेलेल्या वासराचे कातडे काही दिवस त्याच्या पाठीवर बांधतात आणि गाय त्याला आपले मानते. जगाच्या पाठीवर अनेक ठिकाणी मेंढपाळ कोकरांच्या बाबतीत असेच करतात.

दुसरे उत्तर क्रूर होते. जन्ममार्गात नळीने हवा फुंकून गाईला किंवा म्हशीला पान्हा सोडायला लावण्याच्या प्रकाराला 'फुका' म्हणत. शहरांतील गवळीवाडे आणि तबेले यांत वासरे-पारडी जगविणे परवडत नसे. ती मेल्यावर दूध चालू ठेवण्यासाठी हा मार्ग वापरला जाई. गांधीजींनी आपल्या आत्मकथेत या प्रकाराचा उल्लेख केला आहे. दुधाविषयी त्यांच्या मनात जी शिसारी निर्माण झाली, तिच्या मुळाशी हाच प्रकार होता. १९६० च्या प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्याच्या बाराव्या कलमाने फुका हा गुन्हा ठरविला. कीव्हर्न यांच्या प्रयोगांशी याची तुलना केली, तर लक्षात येते की दोन्हींत एकच शरीरधर्म वापरलेला आहे. जन्ममार्गाला ताण दिला की मेंदू ऑक्सिटोसिन सोडतो. प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी तबेल्यांना हे ठाऊक होते, फक्त त्यांना त्यातील माया नको होती, दूध हवे होते. पुढे फुक्याची जागा ऑक्सिटोसिनच्या इंजेक्शनने घेतली. धारेसाठी रोज इंजेक्शन टोचणे हा त्या औषधाचा दुरुपयोगच होय. वासराला घेत नसलेल्या गाईलाही गावगन्ना कोणी हे इंजेक्शन सुचविले, तर पशुवैद्यकाच्या सल्ल्याविना ते घेऊ नये.

तिसरे उत्तर मंगोलियातील आहे आणि ते ऐकून मन निवते. गोबीच्या वाळवंटात उंटीण पिलाला नाकारते, तेव्हा तेथील पशुपालक तिला पिलाशेजारी बांधून 'मोरिन खुर' हे घोड्याच्या मस्तकाची आकृती असलेले तंतुवाद्य वाजवितात, एकच शब्द पुनःपुन्हा आळवीत गातात. कधी तासन्‌तास हे चालते. युनेस्कोने २०१५ साली या प्रथेचा समावेश तातडीने जतन करावयाच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला. याच विषयावरील 'द स्टोरी ऑफ द वीपिंग कॅमल' हा २००३ सालचा चित्रपटही जगभर गाजला. संगीतात काही गूढ सामर्थ्य असेल वा नसेल, पण शांत आवाज, ओळखीची माणसे आणि पिलासोबत सक्तीचा निवांत वेळ या तीन गोष्टी त्या विधीत आहेत. दिवेआगरच्या गोठ्यात वाद्य नसले, तरी या तिन्ही गोष्टी उपलब्ध असतात.

टाकलेले नव्हे, लपविलेले

एक गैरसमज किनाऱ्यावर येणाऱ्या पाहुण्यांसाठी मुद्दाम दूर करावयास हवा. कोकणात भाताची कापणी उरकली की गुरे मोकळी सोडण्याची प्रथा आहे. मोकळी गाय रानात किंवा किनाऱ्यालगतच्या केवड्याच्या, सुरूच्या बनात व्याली, तर पहिले काही दिवस ती वासरू झुडपात बसवून ठेवते आणि स्वतः चरायला जाते. वासरू निमूट पडून राहते. काही तासांनी ती येते, पाजते, पुन्हा जाते. हरणांप्रमाणे गाईच्याही वंशात ही लपवण्याची रीत आहे. असे एकटे वासरू दिसले, की ते टाकून दिलेले आहे, या समजुतीने त्याला उचलून आणण्याचा, बिस्कीट किंवा पिशवीतले दूध पाजण्याचा मोह होतो. उचलू नये. लांबून लक्ष ठेवावे, कुत्री हाकलावीत आणि गावात कळवावे. गाईचा मालक कोण हे गावात बहुधा एका प्रश्नात कळते. मालकानेही वासरू घरी आणताना ते गाईच्या पुढ्यात धरून चालावे. तिला मागे ठेवून ते दुचाकीवर घालून नेल्यास ती बनातच हंबरत राहते.

गोठ्यातल्या गाईच्या बाबतीत मदतीची गरज केव्हा संपली, हे कळण्याच्या खुणा साध्या आहेत. वासरू पीत असताना गाय मान वळवून त्याचा शेपटाखालचा भाग हुंगते व चाटते. वासरू नजरेआड झाले की खालच्या, घशातल्या घशात उमटणाऱ्या आवाजात त्याला हाक घालते. परका माणूस वासराजवळ गेला तर डोके खाली घालते. चौथ्या-पाचव्या दिवशी तिला चरायला सोडावे आणि वासरू गोठ्यात ठेवावे. वाडीच्या बेड्यापाशी पोचल्यावर ती थांबली, मागे वळून हंबरली आणि संध्याकाळी हाकायला कोणी जाण्यापूर्वीच दारात येऊन उभी राहिली, म्हणजे मधली आडकाठी काढून टाकण्यास हरकत नाही.